काकांचा कोणता पाय?

परवा आमच्या लातूरच्या ऑफिसात एक मुलगा मुलाखतीत नापास झाला. मी नाही केला, संगणकाने केला. हल्ली उमेदवारांची चाळणी पुण्याहून बनवून आलेल्या एका ऑनलाइन चाचणीत होते. पडद्यावर लाल अक्षरं उमटतात आणि समोरचा माणूस खुर्ची मागे सारून उठतो. हा मुलगा अहमदपूरच्या पलीकडच्या कुठल्याशा गावाहून सकाळच्या एसटीने आला होता. तो उठला तसा माझा हात आपसूक टेबलाच्या खणात गेला. खणात स्टेपलर होता, दोन-चार पेनं होती. केळं नव्हतं. आणि मला एकदम बिरादार आक्का आठवल्या.

आक्का आमच्या नांदेडच्या मुख्य ऑफिसात माणसं निवडायच्या. नाव सुमन, माहेर उदगीरचं, नवरा मुदखेडला रेल्वेत. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना आक्काच म्हणत. त्यांचा हुद्दा इंग्रजीत बराच लांबलचक होता आणि पितळी पाटीवर कोरून दाराला लावलेलाही होता, पण “आक्काकडं जा” यापलीकडे तो कुणी वाचला नाही. नापास केलेल्या प्रत्येकाला जाताना त्या एक केळं द्यायच्या. अर्धापूरची केळी, रोज सकाळी ऑफिसखालच्या गाड्यावरून घेतलेली. “देगलूर-मुखेडवरनं पोरं येत्यात, नुसता च्या पिऊन. उपाशीपोटी नापास होऊ नये माणसानं,” असं त्यांचं म्हणणं. हळूहळू गावात ती रीतच होऊन बसली. आमच्याकडे मुलाखतीला गेलेल्या मुलाला घरी कुणी “काय झालं?” असं विचारत नसे. हातात केळं आहे का, तेवढं बघत.

आमचा धंदा काय हे इथे सांगून टाकतो, कारण तो माझ्या सासऱ्यांनाही अजून कळलेला नाही. अमेरिकेतला डॉक्टर रोग्याला तपासतो आणि काय तपासलं, काय केलं ते लिहून ठेवतो. ते लिहिलेलं आमच्याकडे येतं. आमची मुलंमुली ते वाचतात, प्रत्येक दुखण्याला आणि उपचाराला ठरवून दिलेला आकडा असतो तो लावतात, आणि त्यावरून तिकडच्या विमा कंपनीला बिल जातं. यात हुशारी थोडी लागते, संयम फार लागतो. डॉक्टरने लिहिलं नसेल तर ते झालंच नाही असं धरायचं. ‘असेलच की’ म्हणून एक शब्द पदरचा घातला की बिल परत येतं, आणि अशी बिलं वाढली की काम देणारा दवाखानाच दुसरीकडे निघून जातो.

आणि मराठवाड्यात पदरचं न घालणारा माणूस शोधायचा! आमच्याकडे कुणी पायरीवरून घसरला तर बातमी चौकात पोचेपर्यंत तो गच्चीवरून पडलेला असतो, आणि बसस्टँडवर त्याला हैदराबादला हलवलेलं असतं. तिखटमीठ न लावता सांगणाऱ्याला आम्ही माणूसघाणा समजतो. अशा मुलखात आक्का जेवढं आहे तेवढंच बोलणारी माणसं वेचत बसायच्या.

त्यांची पद्धत अशी होती. मुलगा आत आला की आधी तांब्याभर पाणी. मग त्याचा बायोडाटा घ्यायचा आणि न वाचता टेबलावर पालथा घालायचा. “हे तू लिव्हलेलं हाय. आता माझं ऐक,” म्हणायचं आणि सुरुवात करायची.

“माझे काका मुदखेडला गेलते. स्टेशनाबाहेर पाय घसरला, पडले. गुडघा लई सुजला. दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. आता बरं हाय.”

एवढं सांगून त्या पंख्याकडे बघायच्या. मुलगा सैल होऊन बसायचा. त्याला वाटायचं, मुलाखत अजून सुरू व्हायची आहे, या घरगुती गप्पा आहेत. मग आक्का हळूच विचारायच्या, “कोणता पाय?”

कुणी म्हणायचं उजवा, कुणी डावा. एकाने दोन्ही पाय सांगून वर काकांचं हाडही मोडून ठेवलं. एका गुणवंत पदवीधराने सूज उतरायला लागलेल्या वेळेवरून काकांना मधुमेह काढला, आणि ती वेळही त्यानेच ठरवली होती. आक्का नुसता खण उघडायच्या. पण एखादी मुलगी गोंधळून, जिवाच्या कराराने “मॅडम, ते तुम्ही सांगितलं नाही,” असं म्हणाली, की मुलगी पसंत पडलेल्या सासूसारखा त्यांचा चेहरा खुलायचा.

मालकांना हा प्रकार मान्य नव्हता. “आक्का, ही काय मुलाखत झाली? टक्के बघा, इंग्रजी बघा,” असं ते एकदा तणतणत आले. आक्कांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि काकांना मुदखेडला धाडलं. मालक घाईत होते. “अहो, उजवाच असणार. बाजाराची पिशवी उजव्या हातात, तोल त्या बाजूला जाणार,” म्हणाले. बाजार आणि पिशवी दोन्ही त्यांच्या पदरचं. मालक केळं खात केबिनमध्ये गेले, आणि पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही.

निवडलेल्यांना काम शिकवणं माझ्याकडे होतं, म्हणून मुलाखतीत मी आक्कांच्या शेजारच्या खुर्चीत बसायचो. मी लातूरचा. आक्का मला नावाने कधी हाक मारत नसत, ‘लातूरकर’ म्हणत, आणि ते अशा सुरात की त्यात लातूरच्या झाडून सगळ्या शिकवण्या येऊन जायच्या.

तो सूर मी ऐकून घ्यायचो, कारण एकदा लातूरने माझी पुरती शोभा केली होती. कंपनीने तिथे शाखा काढायची ठरवली आणि आम्ही दोघं भरतीसाठी गेलो. आता लातूरात काय होतं, तर उत्तर आधी तयार असतं, प्रश्न मागून येतो. काकांचा पाय आमच्या आधी तिथे पोचला होता. पहिली मुलगी आत आली, आक्का “माझे काका” एवढंच म्हणाल्या, आणि ती म्हणाली, “सांगितलं नाही, मॅडम.” दुसरा तसाच. तिसरा तसाच. मी दार उघडून बघितलं तर बाकावरची मुलं डोळे मिटून पुटपुटत होती.

“लातूरकर,” आक्का म्हणाल्या, “तुमच्या गावात काकांची बी शिकवणी लागली काय?”

मग त्यांनी शांतपणे पाणी प्यायलं आणि पुढच्या मुलाला सांगितलं, “माझे काका मुदखेडला गेलते. घसरले. उजवा गुडघा सुजला. उजव्या गुडघ्याला पट्टी बांधली. कोणता पाय?”

मुलगा ताठ बसला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “सांगितलं नाही, मॅडम!”

दुपार व्हायच्या आत केळी संपली. मी गंजगोलाईच्या बाजारात जाऊन आणखी आणली, तीही संपत आली. आसपासचे गाडेवाले कुठल्या देवाचा प्रसाद चाललाय म्हणून चौकशी करू लागले. शेवटी औशाची एक मुलगी आली. ती “उजवा” म्हणाली आणि म्हणून झाल्यावर स्वतःच घाबरली. “पण मॅडम, बाहेर सगळे म्हणायलेत की सांगितलं नाही म्हणायचं.”

“मग तू का न्हाई म्हणलीस?”

“तुम्ही सांगितला की.”

आज आमच्या शाखेत सगळ्यात किचकट फायली त्या मुलीकडे जातात. नांदेडला परतताना आक्कांनी गाडीत मला एक केळं दिलं. मी का म्हणून विचारलं नाही.

आक्कांच्या घरीही हेच चालायचं म्हणे. बिरादार साहेब मोजकंच बोलत. “काही सांगायला जावं तर ‘कुणी सांगितलं? तुम्ही सोता बघितलं का?’ असं सुरू होतं,” हे त्यांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, आणि सांगून झाल्यावर मागे वळून बघितलं.

अशा या बाईला जगात एकाच गोष्टीची भीती होती. माहेर तुटण्याची. त्यांचे थोरले भाऊ मन्मथआप्पा, उदगीरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांची आडत होती. वडील लवकर गेले. आप्पांनी शाळा सोडली, दुकानाच्या गादीवर बसले आणि बहिणीला बीएस्सी केलं. “आप्पानं दप्तर खाली ठेवलं, ते मी उचललं,” असं आक्का म्हणायच्या, आणि हे बोलताना त्यांचा आवाज नेहमीचा राहायचा नाही. दर नागपंचमीला आप्पा स्वतः नांदेडला त्यांना न्यायला यायचे. त्या दिवशी आक्का मुलाखती घेत, पण डोळे दाराकडे. मी चेष्टेने म्हणायचो, आज कुणीही पास होईल. तसं काही व्हायचं नाही ते वेगळं.

आप्पांचा मुलगा संगमेश बीएस्सी झाला आणि त्याच्यासाठी अर्धापूरच्या एका केळीबागायतदाराची मुलगी बघितली. रेणुका तिचं नाव. दोन्हीकडून पसंती झाली. बोलणी चालू असताना मुलीच्या वडिलांनी मुलाचं काय चाललंय असं विचारलं, आणि आप्पा भर बैठकीत बोलून गेले, “लागलाय की नांदेडला, आत्याच्याच कंपनीत.” लागला नव्हता. अर्जही केलेला नव्हता. मग आप्पांनी बहिणीला फोन केला. “सुमे, सोमवारी धाडतो त्याला. तेवढं कामाला लावून टाक.”

सोमवारी आप्पा मुलाबरोबर स्वतःच आले. काखेत पेढ्यांचा बॉक्स. बाहेरच्या सोफ्यावर मांडी घालून बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे घरच्यासारखे हसू लागले. मी आक्कांना म्हटलं, भाच्याची मुलाखत तुम्ही घेऊ नका, मी घेतो.

“तू घेतलीस तर पास करशील,” आक्का म्हणाल्या. “तुला माझं तोंड बघवणार न्हाई.”

हे खरं होतं. त्यांचं तोंड मला आत्ताच बघवत नव्हतं.

संगमेश आत आला. हसरा, अदबशीर मुलगा. आत्याच्या पाया पडला. आक्कांनी पाणी दिलं, बायोडाटा पालथा घातला आणि तीच जुनी गोष्ट सांगितली, दोन जिल्ह्यांना पाठ झालेली. ना कुठे उजवा, ना डावा, ना काही खोच. मला कळलं, देता येईल तेवढी सवलत आक्का देत होत्या. मी मनात म्हटलं, सुटला बिचारा.

“कोणता पाय?”

संगमेश मोकळेपणी हसला. “मला काय विचारायलीस, आत्या? घरच्याला? बापूआज्जाचा डावाच गुडघा हाय की. शाळंत होतो तवा मी बी गेलतो की संगं दवाखान्यात.”

मी खुर्चीतच सरळ झालो. म्हणजे काका खरे होते! इतकी वर्षं मी त्यांना आक्कांनी रचलेला माणूस समजत होतो. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी खरा पाय माहीत असून सांगितला होता.

आक्कांनी डोळे मिटले. “मी सांगितलं का, डावा म्हणून?”

“सांगायला कशाला पायजे? हायच डावा.”

आक्कांनी खण उघडला.

हातात केळं घेऊन बाहेर आलेला मुलगा बघून आप्पा त्याला घेऊन तसेच आत आले. “काय झालं, सुमे? पोरगं खोटं बोललं का?”

“न्हाई.”

“बापूकाकाचा डावाच गुडघा हाय का न्हाई?”

“डावाच हाय.”

“मग?”

“मी सांगितलं न्हवतं, आप्पा. तिकडला डॉक्टर काय आपल्या वळखीचा न्हाई. ह्यानं तिथं बी असंच आपल्या मनानं लिव्हलं तर कसं करायचं?”

“मला अमेरिका सांगू नको. खऱ्याला नापास करणारी तुमची कंपनी. सोयरीक मोडली तर पोराच्या तोंडाकडं बघशील का तू?” आप्पांनी मुलाच्या हातातलं केळं काढून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. पेढ्यांचा बॉक्स पुन्हा काखेत मारला. दारात जाऊन थांबले. “पंचमीला वाट बघू नको.”

आक्कांचं केळं परत येण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, “आप्पांचंही अगदीच चूक नाही, आक्का.”

“न्हाईच चूक,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर लई दुखायलंय.”

ते केळं टेबलावर काळं पडेपर्यंत राहिलं. कुणी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी आक्कांचा फोन आला, गाडी काढ, अर्धापूरला जायचंय. मी परोपरीने सांगून बघितलं. आप्पा बोलले ते आप्पाच निस्तरतील, तुम्ही मध्ये पडलात आणि लग्न मोडलं, तर माहेरचं दार कायमचं बंद होईल. आक्का मागच्या सीटवर पदर सावरून बसल्या. “आप्पानं पदरचं घातलंय ते माझ्या नावावर घातलंय, लातूरकर. त्या पोरीला काय लग्न झाल्यावर कळायचं का?” वाटेत त्या पिशवीचे बंद सारखे बोटाला गुंडाळत होत्या.

रेणुकाच्या वडिलांनी मोठ्या अगत्याने बसवलं. आक्कांनी चहा यायचीही वाट बघितली नाही. “आमचा संगमेश कामाला लागलेला न्हाई. मीच त्याला नापास केलं. पोरगं गुणाचं हाय, व्यसन न्हाई, बापासंगं दुकान बघतो. भाऊ बोलून गेला ते पोराच्या मायेनं. मला मालूम हाय ते एवढं. आता तुमी ठरवा.”

वडील गडबडले. त्यांनी विचारलं, “नापास कशात झाला?” आक्कांनी काकांची गोष्ट सांगितली, संगमेशचं उत्तरही सांगितलं. वडिलांनी त्यावर गंभीरपणे विचार केला. “डावाच की मग. रेल्वेतनं उतरताना माणूस डावाच पाय आदी टाकतो. माझा बी तसाच मुरगळलता.”

रेणुका चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, “रेल्वेनं गेलते म्हणून कुठं सांगितलं त्यांनी, बाबा? स्टेशनाबाहेर पडले म्हणल्या.”

मी आक्कांकडे बघितलं. चेहरा खुलला होता, सासूसारखा. फरक एवढाच की या वेळी त्या जवळजवळ सासूच होत्या.

“लातूरकर,” त्या म्हणाल्या, “हिची मुलाखत झाली बग.”

वडिलांना हसावं की रागवावं कळेना. जावयाची नोकरी गेली होती आणि मुलीला लागली होती, आणि अजून चहा प्यायचा होता. लग्नाचं काय, असं त्यांनी शेवटी मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, “आत्याबाईंनी सांगितलं तेवढं खरं हाय. बाकीचं मी त्यांनाच विचारते.” तिने संगमेशला फोन करून काय काय विचारलं ते आम्हाला कळलं नाही. पण त्याने सगळं आहे तसं सांगितलं असावं, कारण सोयरीक टिकली.

आप्पांचा राग मात्र गेला नाही. पंचमी आली. आक्का लाखेच्या बांगड्या भरून ऑफिसात आल्या, उमेदवारांना पाणी दिलं, काकांना मुदखेडला पाठवलं, आणि दिवसभर दाराकडे बघत राहिल्या. कुणीही आलं नाही. संध्याकाळी बिरादार साहेब मुदखेडहून थेट ऑफिसात आले आणि बायकोला घरी घेऊन गेले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

लग्नाची पत्रिका ऑफिसच्या पत्त्यावर आली, टपालाने, परक्याला यावी तशी. सख्ख्या आत्याला. आक्का जाणार नाहीत असंच मी धरून चाललो होतो, पण त्या निघाल्या. “न्हाई बोलिवलं असतं तर गेले नसते. पत्रिकेवर माझं नाव लिव्हलंय की,” एवढंच म्हणाल्या. रेणुका तोवर माझ्या हाताखाली काम शिकू लागली होती, म्हणून मलाही आमंत्रण होतं. त्याच आठवड्यात माझी लातूरला बदली झाली आणि पुढे आक्का निवृत्त होऊन घरी बसल्या, त्यामुळे त्यांचं माझ्याजवळचं शेवटचं चित्र आहे ते उदगीरच्या त्या मांडवातलं.

मांडवात मला बापूकाकाही भेटले, काठी टेकत आलेले. मी नमस्काराला वाकलो तो मुख्यतः पाय बघायला. डावा. आक्का पंगतीत अगदी कडेला बसल्या होत्या, वराची आत्या असून, आणि मी त्यांच्या पलीकडे. हुग्गी, म्हणजे आमच्याकडची गव्हाची खीर, वाढून झाली. मुलीकडच्यांनी अर्धापूरहून केळ्यांचे घडच्या घड आणले होते, आणि केळी वाढायला खुद्द आप्पा टोपली घेऊन निघाले. प्रत्येकाला आग्रह करत, हसत येत होते. आक्कांसमोर आले आणि थांबले. आजूबाजूची माणसं जेवायची थांबली.

आप्पांनी एक केळं काढून पुढे धरलं. “नापासाला देतीस न्हवं तू? घे.”

आक्कांनी घेतलं नाही. मान वर केली. “नापास कशात, ते सांगितलं न्हाईस, आप्पा.”

आप्पांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि बहिणीच्या शेजारी सतरंजीवर फतकल मारली. केळं सोललं, मधोमध मोडलं, अर्धं तिच्या पत्रावळीवर ठेवलं. उरलेलं खाता खाता, समोर बघत, म्हणाले, “पुढल्या पंचमीला न्यायला येतो.”

आक्कांनी पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या.

“लातूरकर, ऐकलास न्हवं? सांगितलंय त्यानं.”